एकटीची बोट

दीक्षितपुरा, जबलपूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. बापूदादा,
सा. न.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आधी फोनच केला होता. पण तुझ्या होड्यांच्या शेडमध्ये एक तर रेंज नसते, असली तर तुझा कान नसतो, आणि दोन्ही असले तर मागून समुद्र बोलत असतो. शिवाय मला जे विचारायचंय त्याचं उत्तर "हं" एवढ्यात भागणारं नाही. कागदावर नुसतं "हं" लिहून पाठवायची तुलाही लाज वाटेल.

मला एक बोट निवडून दे. शिडाची, छोटी.

फेब्रुवारीच्या एक तारखेपासून श्रीवर्धन ते कारवार अशी छोट्या होड्यांची मोहीम आहे. इंजिन चालत नाही. शीड आणि वल्ही, बस. रोज संध्याकाळी किनाऱ्याला लागायचं आणि बारा दिवसांत कारवार गाठायचं. वाटेत कोणाची मदत घेतली की बाद. होडीत एक माणूस किंवा दोन, त्याहून जास्त नाही. मी नाव दिलंय. हसू नकोस. अठ्ठावन्न म्हणजे काही फार नाही. कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत मी मुलग्यांना मागे टाकलेलं आहे, आणि त्याच्याही आधी मे महिन्यात आजोळी आले की तुझ्या होडीचं सुकाणू हिसकावून घेत असे, ते तू विसरला नसशील.

शाळेतली नोकरी मार्चमध्ये संपली. तेव्हापासून घर मला चावतं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन पडद्यांचं कापड आणलं, पडदे शिवले, लावले, आणि आठवड्यात काढून जुने परत चढवले. एका जागी बसवत नाही. बोट हवी.

तीन बघून ठेवल्या आहेत. पहिली फायबरची, हलकी, एकाच माणसाची, तलावावर शर्यतीत वापरतात तसली. दुसरी प्लायवुडची, पुढे आडवं होण्यापुरती खोली असलेली, जड. तिसरी तुझ्याकडची, उलांडीची. तू फोटो पाठवला होतास ती. मला पहिली आवडली आहे.

सोबत कोण, हे तू विचारणारच, म्हणून सांगते. कोणी नाही. हे येऊ शकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी यांनी नर्मदेची परिक्रमा उचलली, ठाऊक आहे ना? ग्वारीघाटावर संकल्प करून निघाले, मंडल्यापर्यंत चालले, तिथे गुडघ्याने दगा दिला आणि बसने घरी आले. परिक्रमा पुरी होईपर्यंत नदी ओलांडायची नाही, असा नियम. घाटावरचे पंडितजी म्हणाले, "वकील साहब, मधे थांबलात तर घरी असताना ओलांडली तरी चालते." (यांना सगळे वकील साहब म्हणतात, कारण हे वीज मंडळात होते पण वाद वकिलासारखा घालतात.) यांनी ऐकलं नाही. आता बघ, जबलपूर नदीच्या उत्तरेला. म्हणजे नागपूर, पुणे, मुंबई, तुझं आचरं, सगळं पलीकडे. तीन वर्षांत एकही पूल यांनी ओलांडलेला नाही. भाचीच्या लग्नाला नागपूरला मी एकटी गेले आणि सगळ्यांना गुडघ्याची गोष्ट सांगून आले. परिक्रमा पुरी करत नाहीत आणि सोडतही नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हा एकटीची बोट. लवकर लिही.

तुझी,
मेघा

•

आचरा
४ सप्टेंबर २०२५

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

गणपती झाले, आता हात मोकळे झाले. तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हिका कोणी थांबवूक नाय शकणार, तुमी बोटीचा काय ता बघा." तेव्हा थांबवत नाही.

पहिली बोट तुला आवडली, कारण ती तुझ्यासारखी आहे. पळते झकास, पण पळताना आडवी पडते. तलावात आडवी पडली तर उलटी-सुलटी करून पुन्हा चढता येतं. समुद्रात दुपारचा वारा चढल्यावर ती दहा वेळा आडवी पडेल, आणि अकराव्या वेळी चढायला तुझ्या हातात ताकद नसेल. आणखी एक. त्यात पाण्याचे कॅन ठेवायला जागा म्हणून नाही.

दुसरी जड. ती वाळूवर ओढायला चार माणसं लागतील, आणि मदत घेतली की बाद, असं तूच लिहितेस. ती गेली.

उरली माझी. अठरा फुटांची, आंब्याच्या लाकडाची. डाव्या बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडाचा ओंडका, तो पाण्यावर टेकलेला असतो. तीच उलांडी. सकाळचा वारा जमिनीकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना डावीकडून येतो. तेव्हा उलांडीचं वजन होडीला सांभाळतं. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून उजवीकडून येतो. तेव्हा उलांडी पाण्यात दाबली जाते आणि उजव्या कडेवर एका माणसाला बाहेर वाकून बसावं लागतं. सकाळी उलांडी, दुपारी माणूस. आमच्याकडे असंच चालत आलंय. म्हणजे होडी उत्तम, पण ती दोघांची आहे.

अच्युतरावांना एकदा नीट विचारलंस का?

तुझा,
बापूदादा

•

दीक्षितपुरा
२१ सप्टेंबर २०२५

ती. बापूदादा,

विचारलं. ऐक काय झालं ते.

इथल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची जुनी शिडाची बोट बरगी धरणाच्या तलावावर पडून असते. ती मागून घेऊन मी रोज सराव करते आहे. हे काठावर थर्मास घेऊन बसतात आणि वर्तमानपत्र वाचतात. परवा म्हटलं, बसा एकदा. आश्चर्य म्हणजे बसले. पोहणारा माणूस, लहानपण ग्वारीघाटावर गेलेलं, पाण्याची भीती नाही. वारा छान होता. बोट अशी सुटली की मला वाटलं तीस वर्षं कमी झाली. यांनी कडेवर वाकून बरोबर तोल धरला, न सांगता. मला खूप आनंद झाला, दादा, तुला खोटं कशाला सांगू.

आणि तलावाच्या मध्याला आलो तर खिशातून कागद काढला. धरण होण्याआधीचा नकाशा! नदी पूर्वी कुठून वाहायची ते त्यात होतं. म्हणाले, "बस, मेघा. आता वळव. जुनी धार इथूनच जाते खालून."

मी म्हटलं, इथे कुठे नदी आहे, हा तलाव आहे.

"काहून ओरडून राहिली? तलाव ओलांडत नाही म्हटलं का मी? नदी ओलांडत नाही म्हटलं. चलो, वळव."

वळवली. त्या दिवशी मी दहा-बारा वेळा वळवली. मध्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. अर्ध्या तलावाचा संसार! पलीकडचा काठ समोर दिसत होता, तिथल्या बकऱ्या दिसत होत्या, आणि आम्ही त्याला शिवू शकत नव्हतो.

तेव्हा ठरलं. एकटीची बोट, पहिली. मी कॅन बांधून नेईन, वजन उचलायचा व्यायाम करीन, अकरा वेळा पडले तर बारा वेळा चढेन. मला आता कोणाची वाट बघायची नाही. गेली तीन वर्षं मी काठावर थांबले आहे, आणि माझा तर काही संकल्पही नव्हता.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या त्या उलांडीच्या होडीवर सावलीसाठी ताडपत्री बांधता येते का? यांना ऊन लागलं की डोकं धरतं. नाही, राहू दे. मला काय करायचंय.

मेघा

•

जबलपूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. बापूदादा यांस,
अच्युतचा शि. सा. नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, वीज मंडळाच्या टिपणीसारखं होईल, सांभाळून घ्या. हे पत्र मेघाला कळू देऊ नये, ही विनंती.

एक. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही आणि कधी झालं नव्हतं. मंडल्याला असताना शेजाऱ्यांचा फोन आला की मेघाला डेंग्यू झालाय, दवाखान्यात नेलंय, आणि तिने "यांना कळवायचं नाही" असं सांगितलंय. मी त्याच दिवशी बसने परत आलो. तिला म्हणालो, गुडघा. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी बोलावलं होतं का? आणि बरी झाल्याबरोबर तिने मला परत धाडलं असतं. मला जायचं नव्हतं. ती इतकी अशक्त झाली होती की जिना चढताना भिंत धरायची. पुढे ती हिंडू-फिरू लागली, पण मला घर सोडवेना. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

दोन. संकल्प मोडायचा नाही, हा माझा हट्ट आहे, मला मान्य आहे. पण तोंडाने बोललेलं पाळत आलोय, या वयात ते बदलत नाही.

तीन. नदी ओलांडायची नाही हे खरं. पण उगमाला वळसा घालता येतो. अमरकंटकला नदी सुरू होते, तिथून फिरून दक्षिण तटावर येतात, ते ओलांडणं नव्हे. मंडल्याहून राहिलेली वाट चालत अमरकंटकला गेलो की मी पलीकडे. तिथून रेल्वेने नागपूर, मग तुमच्याकडे. वाटेत नर्मदेवरचा एकही पूल लागत नाही. मी नकाशा तपासला आहे. देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीला निघालो तर डिसेंबरअखेर आचऱ्याला पोचतो. महिनाभरात तुम्ही मला होडीच्या कडेवर बसायला शिकवाल का?

चार, आणि महत्त्वाचं. मेघा "एकटी" म्हणते ते रागाने की मनापासून, हे मला ओळखता येत नाही. पस्तीस वर्षांनंतरही येत नाही. तिला खरोखर एकटीला जायचं असेल तर मी अमरकंटकहून पुढे चालू लागेन, तिच्या वाटेत येणार नाही. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. स्पष्ट लिहावे.

आपला,
अच्युत

•

आचरा
१७ ऑक्टोबर २०२५

श्री. अच्युतराव,
सप्रेम नमस्कार.

स्पष्ट लिहितो. मेघाने गेल्या पत्रात दोन पानं भरून एकटी-एकटी केलंय आणि शेवटी विचारलंय की उलांडीच्या होडीवर सावली करता येते का, तुम्हाला ऊन लागतं म्हणून. मग लिहिलंय "राहू दे". पण खोडलं नाही. मेघा नको असलेली गोष्ट खोडते, तीही अशी की कागद फाटतो. तुम्ही या.

ताडपत्री मी शिवायला टाकली आहे. उलांडीच्या दांड्या नव्या बांधतो. पण अच्युतराव, एक तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी विचारतो. मोहीम झाल्यावर तुम्ही दक्षिण तटावर असाल. मग घरी कसे जाणार?

आपला,
बापू

•

दीक्षितपुरा
९ नोव्हेंबर २०२५

ती. बापूदादा,

हे गेले. एकादशीला पहाटे उठले, आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, कमंडलू घेतला आणि म्हणाले, "मेघा, मी मंडल्याहून पुढे निघतो आहे." तीन वर्षं ज्या माणसाला मी हलवू शकले नाही, तो नेमका आता हलला. माझ्या मोहिमेला तीन महिने असताना! मी विचारलं, मला निरोप द्यायलाही थांबणार नाही? तर म्हणाले, "निरोप द्यायला तर पुलापर्यंतच येता आलं असतं ना."

उत्तर बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला.

बसस्टँडवर मी रडले नाही. घरी आल्यावर रडले. कर्नलसाहेबांच्या बोटीवर जायचंही दोन दिवस सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि तलाव सरळ ओलांडून पलीकडच्या काठाला लागले. मनात होतं की ओरडून कोणाला तरी सांगावं. तिथे बकऱ्या होत्या. अर्ध्या तासात परत आले.

आणखी एक, त्याने मला झोप नाही. यांच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा मी पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. काल कपाटात सापडला, माझ्या साड्यांच्या मागे. मुद्दाम ठेवून गेले आहेत. ज्या गुडघ्याने परिक्रमा मोडली त्यालाच उघडा घेऊन जंगलातून चालून राहिलेत. यांना काही झालं तर? फोन बंद. तिकडे रेंज नाही आणि इकडे मला चैन नाही.

एकटीची बोट पक्की कर. आता तर दुसरा प्रश्नच नाही.

मेघा

•

आचरा
२० नोव्हेंबर २०२५

चि. मेघा,
आशीर्वाद.

मी शब्द दिला होता, तो मोडतो आहे. तुझी वहिनी म्हणते मोडा, म्हणून मोडतो. तू रात्रंदिवस त्या गुडघ्याची काळजी करावीस, हे बरं नाही.

गुडघ्याला काही नाही. कधी नव्हतं. अच्युतराव मंडल्याहून परत आले ते तुला डेंग्यू झाल्याचं कळलं म्हणून. शेजाऱ्यांनी फोन केला होता. तू सांगू नका म्हटलंस, आणि त्यांनीही तुला सांगितलं नाही. दोघं एकाच शाळेत शिकलेले दिसता.

बोटीचं म्हणशील तर बोट तयार होते आहे. पहिल्याच पत्रात "निवडून दे" असं तू लिहिलंस, तेव्हा निवड माझी. तू सरळ श्रीवर्धनला ये. बोट मी टेंपोने पाठवतो. मी येऊ शकत नाही, शेडमध्ये दोन होड्या अर्ध्या आहेत.

तुझा,
बापूदादा

•

दीक्षितपुरा
३ डिसेंबर २०२५

ती. बापूदादा,

तीन वर्षं मी त्या धडधाकट गुडघ्याला रोज संध्याकाळी तिळाचं तेल चोळलं आहे. आणि हे "हां, तिथंच, थोडं वर" असं म्हणत होते!

आधी हसले. मग आठवलं. मी लोकांना सांगत फिरले की यांच्याने होत नाही, हा अर्ध्यातून येणारा माणूस. आता हे सगळं यांना कसं सांगू? चालणाऱ्याला पत्र कुठल्या पत्त्यावर घालू? मला या माणसाची इतकी आठवण येईल, हे मला माहीत नव्हतं.

ती दोघांची होडी अजून आहे का तुझ्याकडे? नाही, राहू दे. हे आता अमरकंटकला वळून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत चालणार. मोहीम काही यांच्यासाठी थांबायची नाही. एकटीचीच असू दे.

मेघा

•

अमरकंटक
१४ डिसेंबर २०२५

ती. बापूदादा यांस,

उगमाला वळसा घातला. नर्मदामैया उजव्या हाताला होती, अजूनही आहे. आता दक्षिण तटावर उभा आहे. थंडी फार. पायाला फोड, गुडघे उत्तम. परवा पेंड्राहून गाडी धरतो.

घरी कसं जाणार ते तुम्ही विचारलं होतं. आधी समुद्र.

अच्युत

•

कारवार
१६ फेब्रुवारी २०२६

ती. बापूदादा,

तू लबाड आहेस. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं.

श्रीवर्धनच्या वाळूवर मी उभी. टेंपो आला. वर ताडपत्री, खालून उलांडीच्या दांड्या बाहेर आलेल्या. मी ड्रायव्हरशी भांडायच्या तयारीत, की ही माझी बोट नव्हे. तर दुसऱ्या बाजूचं दार उघडून हे खाली उतरले. काळे ठिक्कर, दाढी वाढलेली, हातांना दोराचे घट्टे. माझ्या तोंडून काय निघावं?

"गुडघा कसा आहे?"

"कोणता?" म्हणाले.

मग मी तिथेच वाळूवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मोहिमेची पोरं पाणी घेऊन धावली. त्यांना वाटलं, ऊन लागलं. पूल कसा ओलांडला, विचारलं, तर म्हणाले, "ओलांडला नाही. फिरून आलो." चारशे मैलांचा वळसा हा माणूस असा सांगतो की जणू दीक्षितपुऱ्यातून बड्या फुहाऱ्याला दुसऱ्या गल्लीने आला. निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत दुसरं नाव देता येत होतं, ते दिलं.

होडीबद्दल तू लिहिलंस ते शब्दशः खरं. सकाळी उलांडी, दुपारी माणूस. दुपारी हे कडेवर बाहेर वाकून बसत, पाठीवर लाटा घेत, आणि एकदाही तक्रार नाही. भांडण झालं ते खाड्यांवरून. पहिल्या खाडीच्या तोंडाशी आलो, मी सरळ निघाले, तर मध्याला आल्यावर ओरडले, "वळव!" सवय! मी म्हटलं, "ही नर्मदा नाही! डोळे मिटा हवं तर!" त्यांनी खरंच मिटले. पलीकडे लागल्यावर उघडले आणि म्हणाले, "ओलांडली का?" मी म्हटलं, ओलांडली. लहान मुलासारखे हसले. त्यानंतर प्रत्येक खाडी मोठ्याने मोजली.

आम्ही बाद झालो, दादा. देवगडच्या पुढे वारा दोन दिवस पडला, वल्हवून हात सोलले, आणि कारवारला पोचलो ती तारीख चौदा. मांडव उतरवत होते. एका पोराने दोरी सोडायची थांबवून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्या हलक्या फायबरच्या बोटीतून आले असते तर वेळेत आले असते किंवा आलेच नसते.

काल स्टेशनवर गेलो. मी खिडकीशी म्हटलं, जबलपूर, दोन. हे मागून म्हणाले, "एक, मेघा."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे आता दक्षिणेचे. घरी जायचं तर पूल आहे, आणि पूल चालत नाही. उलटा वळसाही चालत नाही, उगमाला एकदा वळसा घातला की परिक्रमेत मागे फिरत नाहीत. आता अमरकंटकपासून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, तिथे नावेने पलीकडे, मग उत्तर तटाने ग्वारीघाटापर्यंत चालल्याशिवाय यांना घर नाही. किती महिने लागतील, मैयाच जाणे. माझ्या होडीत बारा दिवस बसण्यासाठी या माणसाने घरी जायची वाट बंद करून टाकली, आणि ते मला तिकिटाच्या खिडकीवर कळलं. मी म्हटलं, आधी काहून नाही सांगितलं? तर म्हणाले, "तू वळवली असती."

वळवली असती. खरं आहे.

मी भांडले नाही. एकच तिकीट काढलं. यांना अमरकंटककडे जाणाऱ्या गाडीत बसवलं, पट्ट्याऐवजी तेलाची बाटली दिली, आणि आज मी निघते आहे. मला वाटलं होतं, आता मी सुटले आणि स्वस्थ झाले. छे. गाडी सुटल्यापासून पुन्हा पायाला भिंगरी लागली आहे.

तर आता काम सांगते. होडी विकू नकोस. ट्रकने जबलपूरला पाठव, ग्वारीघाटावर. पाडव्याच्या आगेमागे हे दक्षिण तटाने चालत बरोबर घाटाच्या समोर येतील. आपलं गाव, आपला घाट समोर दिसेल आणि यांना यायचं नाही. एक रात्र तिथल्या धर्मशाळेत काढून पुढे जातील. पाडव्याला यांना पुरणपोळी लागते, तीही गरम.

दोघांची होडी एकटीने कशी चालवायची, ते सविस्तर लिही. वारा उजवीकडून आला तर कडेवर काय वजन ठेवू? दगडाची पोती चालतील? हे बसणार नाहीतच, आणि येताना वारा उलांडीकडून असेल, तेव्हा पोती टाकून देईन. जाऊन, खाऊ घालून, परत येईन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. मी काही संकल्प केलेला नाही. ती नदी यांना ओलांडता येत नाही. मला येते.

तुझी,
मेघा